साठ मीटरची रेघ

सिंदोळ्याच्या पाण्याला दाखला द्यायचं काम प्रणाली वांढरेकडे होतं. सहा वर्षांत तिनं एकदाही दाखला अडवला नव्हता. २०४१च्या अकरा मार्चला, सकाळी सव्वाअकराला, तिनं पहिल्यांदा सही न करता संगणकाचा पडदा बंद केला आणि नमुन्याची बाटली पुन्हा यंत्रात बसवली.

यंत्रानं पुन्हा तोच आकडा दाखवला. उणे दोन पूर्णांक दोन.

आदल्या आठवड्यापर्यंत तो उणे तीन पूर्णांक एक होता. सहा वर्षं तेवढाच होता.

वर्धा नदीच्या काठावरचं सिंदोळा एकेकाळी कोळशावर जगायचं. भुयारी खाणी चार, दोन हजार क्वार्टर्स, शनिवारचा मोठा बाजार. मग देशाला कोळसा नकोसा झाला. एकामागून एक खाण बंद पडली, रेल्वेच्या सायडिंगवर बाभळी उगवल्या, आणि धडधाकट माणसं चाकण-रांजणगावला निघून गेली. प्रणालीचा नवरा नितेश बोबडे त्यांतलाच. नऊ वर्षं तो चाकणला राहिला आणि मुलीच्या वाढदिवसाला व्हिडिओवर टाळ्या वाजवत राहिला.

खाण बंद झाली की तिच्यातले पंप बंद होतात, आणि पंप बंद झाले की खाण भरायला लागते. जमिनीत मुरलेला पाऊस खाली झिरपतो आणि मैलोनमैल पसरलेल्या बोगद्यांत साठत जातो. पाच वर्षांत सिंदोळ्याच्या पोटात एका मध्यम धरणाएवढं गोडं पाणी जमलं. २०३५ साली जलोदय नावाची कंपनी आली. तिनं ते पाणी उपसलं, गाळलं आणि त्यातून हायड्रोजन काढायला सुरुवात केली. कोळशानं सोडलेल्या गावाला पाण्यानं हात दिला. चौदाशे माणसं कामाला लागली, बाजार पुन्हा भरू लागला, आणि नितेश बॅग घेऊन परत आला तो कॉम्प्रेसरवरचा शिफ्ट सुपरवायझर म्हणून.

फक्त एक अट होती. ३४ सालच्या दुष्काळानंतर उन्हाळ्यात नदीचा एक थेंबही कारखान्याला द्यायचा नाही, असा कायदा झाला होता. ते पाणी खालच्या गावांच्या पिण्याचं. खाणीचं पाणी वापरा, पण ते खाणीचंच आहे हे दर आठवड्याला सिद्ध करा. ते सिद्ध करणारं यंत्र प्रणालीच्या टेबलावर होतं. तिचा पगार कंपनी देत नव्हती, जलप्राधिकरण देत होतं, आणि हे ती लोकांना वरचेवर सांगायची. लोक हसून म्हणायचे, "आमच्या मॅडम पाण्याला जातीचा दाखला देतात."

खरं तर ते फार चुकीचं नव्हतं. पाण्याचे सगळे कण सारख्या वजनाचे नसतात. हजारात दोनेक कणांमध्ये ऑक्सिजनचा अणू जरा जड असतो. ऊन लागलं की हलके कण आधी उडून जातात, जड मागे राहतात. म्हणून उन्हाळ्यात उघड्यावर वाहणारं नदीचं पाणी हळूहळू जड होत जातं, आणि अंधारात कोंडलेलं खाणीचं पाणी होतं तसंच राहतं. यंत्र पाण्याच्या वाफेतून लेझरचा किरण सोडतं, जड कण मोजतं, समुद्राच्या पाण्यापेक्षा ते किती कमी हे उणे आकड्यात मांडतं आणि वीस मिनिटांत सांगतं, हे पाणी कुठलं. चव, रंग, वास सगळं सारखं असलं तरी हा आकडा लपवता येत नाही.

मार्चमध्ये नदीचा आकडा होता उणे शून्य पूर्णांक चार. प्रणालीनं कागदावर साधं गणित केलं. खाणीतून वर येणाऱ्या पाण्यात तीन भागांतला एक भाग नदीचा होता.

कुणीतरी नदी चोरत होतं.

येल्लावार हे प्रकल्पाचे प्रमुख. पन्नाशीचे, हळू बोलणारे, समोरच्याला आधी पाणी विचारणारे. तिनं आकडा सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"यंत्र तपासलंत?"

"तीनदा. प्रमाणित नमुना लावून."

"मग अजून तीनदा तपासा. ही यंत्रं उन्हाळ्यात बिघडतात, मॅडम."

"सहा उन्हाळे बिघडलं नाही."

"म्हणूनच म्हणतो." ते हसले. "मी तुमच्यावर शंका घेत नाही. आठ दिवस घ्या. दाखला त्यानंतर द्या. मी वर कळवतो की यंत्राची देखभाल चालू आहे."

एवढ्या मोठ्या आरोपावर माणूस चिडायला हवा होता, निदान दचकायला तरी. येल्लावारांनी तिला चहा पाजून पाठवलं. जिना उतरताना तिला वाटलं, यांना हे आधीच माहीत आहे.

संध्याकाळी तिनं नितेशजवळ विषय काढला. तो मुलीच्या सायकलची चेन बसवत होता.

"नदीवरून पाइप टाकलाय का तुमच्या लोकांनी?"

"आमच्या लोकांनी?" त्यानं वर पाहिलं. "मी काय कंपनीचा मालक आहे?"

"तू प्लांटवर असतोस. दिसलं असेल काही."

"काही दिसलं नाही." तो पुन्हा चेनकडे वळला. थोड्या वेळानं म्हणाला, "एक गोष्ट आहे. डिसेंबरात दुसरं युनिट चालू झालं. उपसा दुप्पट केला. त्या हिशोबानं खाणीची पातळी आतापर्यंत आठ मीटर उतरायला पाहिजे होती. उतरली तीनच."

"आणि तू हे आत्ता सांगतोस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? सगळे खूश होते. खाण आटत नाही म्हणून येल्लावारांनी पेढे वाटले." मग हात पुसत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "प्रणाली, हे बघ, तू कायद्यानं जे करायचं ते कर. पण मला परत चाकणला जायचं नाही."

रात्री जेवताना तिच्या लक्षात आलं, आपण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नमुन्याच्या बाटलीकडे बघावं तसं बघतो आहोत.

दुसऱ्या दिवसापासून ती नदीकाठ पालथा घालू लागली. पाइप, पंप, ताजी उकरलेली माती, काहीतरी सापडेल म्हणून. गवराळा टोल्यापर्यंत गेली तरी काही दिसलं नाही. टोला म्हणजे नदी आणि जुन्या तीन नंबर खाणीच्या मधली बेचाळीस घरांची वस्ती. काठावर उभी राहून ती पाण्यात बाटली बुडवत होती तेव्हा मागून आवाज आला.

"काय पाह्यता बाई? आमचं पाणी नेलं ते पुरलं नाई का?"

ताराबाई कुमरे साठीच्या पुढच्या. त्यांचा नवरा तीन नंबरात टेकू लावायच्या कामावर होता, बारा वर्षांपूर्वी गेला.

"कोणी नेलं तुमचं पाणी?" प्रणालीनं विचारलं.

"ते तुमीच सांगा. विहीर बसली संक्रांतीपासून. अना हे पाहा." त्या तिला घरापर्यंत घेऊन गेल्या. दाराची चौकट एका बाजूला तिरकी झाली होती आणि भिंतीत बोटभर भेग पडली होती. "दार लागत नाई. मिस्त्री म्हणते पाया खचला. चाळीस वर्षं नाई खचला, आताच काऊन खचला?"

प्रणाली भेगेवरून हात फिरवत राहिली.

"आमचे हे म्हणत," ताराबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आपण ज्याच्यावर झोपतो ना तारा, ते आपणच खाल्लं. मले वाटे, पिऊन बोलते."

"म्हणजे काय?"

"मले काय ठाऊक? तुमच्या बाबाले इचारा. नकाशे तर तेच काढत."

प्रणालीचे वडील दौलत वांढरे हे सिंदोळ्याचे सर्व्हेअरसाहेब. खाणीत रोज किती कोळसा निघाला, कोणता बोगदा कुठवर गेला, हे मोजून नकाशावर उतरवायचं काम त्यांनी तेहेतीस वर्षं केलं. जलोदयनं खाणीतल्या पाण्याचा जो संगणकी आराखडा बनवला तो त्यांच्याच नकाशांवरून. गेल्या वर्षी कंपनीनं त्यांचा सत्कारही केला होता.

दुपारी ती त्यांच्याकडे गेली. ते ओसरीत पेपर वाचत बसले होते.

"बाबा, तीन नंबरचा नदीकडचा बॅरियर किती होता?"

"साठ मीटर." त्यांनी पेपर खाली केला नाही. "कायदाच आहे. नदी आणि खाण यांच्यामध्ये साठ मीटर कोळसा सोडायचा. काऊन?"

"आणि टोल्याखाली?"

"टोल्याखाली छत धरायला सोडलेले कोळशाचे पिलर आहेत. वस्तीखालचे पिलर काढत नसतात." आता पेपर खाली आला. "तुला कोणी काही बोललं का?"

"नदीचं पाणी खाणीत येतंय."

"येल्लावार टाकत असेल पाइपानं. त्या माणसाचा मला पहिल्यापासून भरोसा नाही."

तेही तिला पटलं, कारण तिला तेच पटवून घ्यायचं होतं.

आठ दिवसांतले चार उरले होते. खाणीवर पाणी तपासायला कंपनीनं अकरा बोअर घेतले होते, जमिनीपासून थेट बोगद्यांपर्यंत. प्रणालीनं ठरवलं, प्रत्येक बोअरमधून वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं. पाइपानं पाणी सोडलं असेल तर ते वरून येईल, आणि जिथं सोडलंय तिथला आकडा नदीच्या जवळ जाईल. चोर कुठं उभा आहे ते पाणीच सांगेल.

दोन दिवस ती आणि एक मदतनीस बाई नमुने काढत होत्या. एकूण चौपन्न बाटल्या. तिसऱ्या दिवशी तिनं आकडे आराखड्यावर मांडले.

वरच्या थरात नदीचं पाणी नव्हतं. ते तळाशी होतं, म्हणून उपशाच्या पंपापर्यंत पोचायला त्याला इतके महिने लागले होते. पश्चिमेच्या बोअरमध्ये अगदी थोडं, पूर्वेला नदीच्या बाजूला जावं तसं वाढत गेलेलं, आणि सात नंबरच्या बोअरमध्ये, सत्तर मीटर खोलीवर, जवळजवळ निव्वळ नदी. पाइप नव्हता, पंप नव्हता, चोरही नव्हता. नदी आपणहून आत येत होती, आणि नेमकी तिथून, जिथं आराखड्यात साठ मीटर जाडीचा अखंड कोळसा दाखवला होता.

साठ मीटर कोळशातून नदी अशी येत नाही. यंत्र खरं बोलत असेल तर नकाशा खोटा होता.

तिनं मूळ नकाशाची प्रत पडद्यावर मोठी केली. नदीला समांतर जाणारी ती रेघ सुबक होती, शाईची, कुठंही न थरथरलेली. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती, दौलत महादेव वांढरे, आणि तारीख, नोव्हेंबर २०१४.

या वेळी ओसरीत ती खाली बसली नाही. बाटल्यांचे आकडे छापलेला कागद तिनं वडिलांसमोर धरला. दौलतरावांना आकडे कळले नसावेत, पण सात नंबरच्या बोअरभोवती केलेला लाल गोल त्यांना कळला.

"कोणी शिकवलं तुला हे करायला?" त्यांनी विचारलं.

"बाबा, कोळसा किती शिल्लक आहे तिथं?"

त्यांनी त्या लाल गोलावर बोट ठेवलं.

"पंधरा," ते म्हणाले. "पंधरा मीटर. एकदोन ठिकाणी तेवढाही नसेल."

मग हळूहळू बाकीचं आलं. चौदा साली तीन नंबरातला चांगला कोळसा संपला होता. खाण बंद करून साडेसहाशे माणसं छत्तीसगडला पाठवायची असं वरून ठरत होतं. नदीच्या बाजूला उत्तम कोळसा होता. मॅनेजर म्हणाले, दोन महिने काढू, तोवर नव्या पट्ट्याची परवानगी येईल. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. नदीकडचा झाला, मग टोल्याखालचे पिलर एकाआड एक काढले. खाली काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. वर फक्त एक रेघ होती, आणि ती दौलतरावांनी काढली होती.

"त्या माणसांमध्ये टोल्यातलेही होते," ते म्हणाले. "ताराबाईचा नवरा होता. कोणी नाही बोललं. खाण चालू राहिली."

"आणि मग?"

"मग खाण बंद झाली, पाणी भरलं. मला वाटलं, सुटलो. पाणी वर रेटा देतं छताला, जसं पोहताना माणूस हलका होतो तसं. पिलर अर्धे असले तरी पाण्यानं अर्धं वजन घेतलं होतं. बाहेरून नदी ढकलायची, आतून खाण ढकलायची, बॅरियर मध्ये गप्प उभा होता. ते पाणी कोणी काढेल असं कधी वाटलं नाही. त्या पाण्याला तेव्हा काय किंमत होती?"

"सहा वर्षांपूर्वी कंपनी आली तेव्हा सांगता आलं असतं."

"तुला नोकरी लागली. जावई परत आला. बाजारात लोक पाया पडायचे कंपनीच्या." त्यांचा आवाज बारीक झाला. "येल्लावारनं विचारलं होतं, सर्व्हेअरसाहेब, नकाशा बरोबर आहे ना? मी हो म्हणालो. त्यानं एकदाच विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं अना कागद गुंडाळून घेतला. परत विचारलं असतं तर कदाचित मी..." ते थांबले. "त्यालाही परत विचारायचं नसावं."

प्रणालीला आता सगळं दिसत होतं. दुप्पट उपसा झाला, आतली पातळी तीन मीटर उतरली. छताखालचा आधार तेवढा गेला. आतलं ढकलणं कमी झालं तशी नदी पातळ भिंतीतून घुसायला लागली, आणि आत येताना भेगा रुंद करत होती. जेवढं उपसावं तेवढं जास्त येणार. खाण आटत नाही म्हणून पेढे वाटत राहायचं, आणि एक दिवस ती भिंत जाईल किंवा टोला खाली बसेल.

"उद्या सकाळी माझ्यासोबत टोल्यावर चला," ती म्हणाली. "खरा नकाशा काढून द्या."

"कागद नाहीत त्याचे."

"तुमच्या डोक्यात आहेत."

ते आले. काठी टेकत, डोक्यावर उपरणं घेऊन, सकाळी नऊच्या उन्हात. जुन्या चानकाच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या तोंडापासून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. "माझं पाऊल अडीच फुटाचं होतं," ते पुटपुटले, "आता दोनचं धर." जमिनीखाली सत्तर मीटरवरचे बोगदे त्यांना जणू पायाला लागत होते. कुठं वळण, कुठं चढ, सगळं सांगत ते घराघरांमधून चालत राहिले, आणि प्रणाली टॅब्लेटवर खुणा करत गेली. "इथं पिलर आहे. इथं नाही. हा हापसा आहे ना, याच्या खाली मोठी जागा रिकामी. इथं पिलर. इथून पुढं तीन घरं, काहीच नाही."

लोक दारांत येऊन उभे राहिले. एकानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. जागा मोजतात म्हणजे घरं उठवणार, असं दुसरा मोठ्यानं म्हणाला.

ताराबाई तिरक्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "सर्व्हेअरसाहेब," त्यांनी विचारलं, "माह्या घराखाली काय हाय?"

दौलतराव थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी मान खाली घातली.

"काही नाही, बाई," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी प्रणालीनं दाखला नाकारला, चौपन्न आकडे आणि नवा नकाशा जोडला, आणि सगळं जलप्राधिकरणाला व खाणसुरक्षा विभागाला पाठवलं. तिसऱ्या दिवशी उपसा थांबवण्याचा आदेश आला. हायड्रोजनची दोन्ही युनिटं बंद झाली.

येल्लावार तिच्या खोलीत स्वतः आले. या वेळी ते चिडलेले होते, पण आवाज तसाच हळू.

"तुमच्या वडिलांनी एकदा खोटा नकाशा काढला हे तुम्हीच लिहून दिलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग आत्ताचा खरा कशावरून? पंचाहत्तर वर्षांचा माणूस, सत्तावीस वर्षांपूर्वीची आठवण, पावलं मोजून. यावर चौदाशे माणसं घरी बसवायची आम्ही?"

"आकडे माझे आहेत. आठवण नाही ती."

"आकडे सांगतात नदी येते. टोला बसेल हे आकडे सांगत नाहीत. ते तुमचे वडील सांगतात." दारातून वळून ते म्हणाले, "मला एकच कळत नाही. त्यांनी तेव्हा कोणाचं ऐकून रेघ ओढली ते त्यांनी सांगितलं. आता कोणाचं ऐकून पुसली?"

तो प्रश्न खोलीत थांबला नाही. दोन दिवसांत तो बाजारात पोचला. दक्षिणेत जलोदयच्या स्पर्धक कंपनीचा मोठा प्रकल्प होतोय, तिनं वांढऱ्यांना हाताशी धरलं, अशी चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे प्रणालीला तिकडे मोठी जागा मिळणार आहे. कोणी म्हणे म्हातारा भ्रमिष्ट झालाय आणि पोरगी त्याचा फायदा घेते. दौलतराव रोज चौकात चहाला जात. तिथल्या बाकावरून लोक उठून जायला लागले तसे ते जायचे थांबले.

एप्रिलमध्ये तज्ज्ञांचं पथक आलं. नव्या नकाशाप्रमाणे त्यांनी तीन ठिकाणी छिद्रं पाडली. पहिल्या छिद्रात, सत्तर मीटरवर, ड्रिल एकदम सुटली आणि पाण्यात पडली. पोकळी. दुसऱ्यातही पोकळी. तिसरं छिद्र हापशाजवळ होतं, जिथं दौलतरावांनी मोठी रिकामी जागा सांगितली होती. तिथं अखंड, काळाभोर कोळसा लागला.

कंपनीनं तिसऱ्या छिद्रातला कोळसा काचेच्या पेटीत घालून फाटकाशी ठेवला.

"मी चुकलो असेन," दौलतराव म्हणाले. "पाऊल दोनपेक्षाही कमी पडलं असेल माझं." पण ते असं म्हणताना तिच्याकडे बघत नव्हते. पहिल्यांदाच प्रणालीच्या मनात आलं, बाबांनी या वेळीही काहीतरी झाकलं असेल का? आपल्या अपराधाच्या भारानं जे झालं त्याहून जास्त सांगितलं असेल का? तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरावर विश्वास ठेवता आला नसता.

पथकाच्या अहवालात धोका 'संभाव्य' होता. टोला हलवण्याची शिफारस होती, सक्ती नव्हती. उपसा पुढील आदेशापर्यंत बंद. कंपनीनं सहा महिने वाट पाहिली आणि यंत्रं सोडवून ट्रकवर चढवली.

बेचाळीस घरांपैकी एकच घर हललं. ताराबाई भांडी आणि कोंबड्या घेऊन गावात, बंद पडलेल्या एका क्वार्टरमध्ये आल्या. प्रणाली त्यांना मदत करायला गेली तेव्हा त्यांनी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

"तुमच्यावर इस्वास ठेवून नाई आली मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबानं मान खाली घातली ना, म्हणून आली. खोटं बोलणारा माणूस तोंडाकडे पाहून बोलते."

नितेशनं दिवाळीपर्यंत तग धरला. मग चाकणहून जुन्या साहेबाचा निरोप आला. बसस्टँडवर, बॅग पायाशी ठेवून, त्यानं इतके महिने न विचारलेलं विचारलं.

"खरं सांग. तुला पूर्ण खात्री होती?"

"नदी येत होती याची होती."

"टोला बसेल याची?"

"नव्हती," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. राग नव्हता त्यात, नुसता थकवा होता. "मला वाटलंच," तो म्हणाला. बस लागली, त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीची जागा धरायला पुढं गेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात खाण पुन्हा काठोकाठ भरली. यंत्र अजून प्रणालीच्या टेबलावर होतं, पण दाखला मागायला कोणी नव्हतं. ती आपली आठवड्याला एक नमुना लावायची. नदीचं पाणी आत यायचं थांबलं होतं. आतली आणि बाहेरची पातळी एक झाली होती, दोन्हीकडून सारखा रेटा, मध्ये ती पातळ भिंत. आकडा महिन्यामहिन्यानं खाली सरकत उणे तीनच्या जवळ गेला. उपग्रहाच्या मोजणीत असं निघालं की उपसा थांबला त्या उन्हाळ्यात टोल्याची जमीन अकरा मिलिमीटर बसली आणि मग थांबली. काळी जमीन उन्हाळ्यात तेवढी बसतेच, असं कंपनीचे जुने लोक म्हणाले. ते खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं.

काहीच पडलं नाही. म्हणून सिंदोळ्याच्या लेखी काही पडणारच नव्हतं. शनिवारचा बाजार पुन्हा अर्धा झाला. दुकानदार तिला सामान देत, बोलत नसत. दौलतराव रोज संध्याकाळी ती आली की विचारायचे, "आज काही?" ती म्हणायची, "काही नाही, बाबा." त्यांच्या चेहऱ्यावर मग जे उमटायचं ते समाधान की निराशा, हे तिला शेवटपर्यंत नक्की करता आलं नाही.

पौषातल्या एका सकाळी ती नदीचा नमुना घेऊन टोल्याच्या कडेनं परत येत होती. घरांच्या पलीकडे एक पडीक तुकडा होता. तिथं ना घर, ना गोठा. तिच्या मनात आलं, एवढाच तुकडा, हातभर, एका दुपारी खाली बसावा. कोणाला इजा नको. नुसता खड्डा दिसावा, म्हणजे लोक येऊन काठावर उभे राहतील आणि तिच्याकडे बघतील.

ती तिथंच थांबली. हे आपण मागितलं, आणि हातभर म्हणालो तरी जमीन हातभरच ऐकेल असं नाही, हे तिला कळत होतं. टोल्यातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. कोणीतरी अंगणात धान्य पाखडत होतं. एका बाईनं तिला पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.

प्रणालीनं बाटली पिशवीत नीट ठेवली आणि निघाली. शेवटचं घर मागे पडेपर्यंत ती पाय अलगद उचलत, अलगद टेकत चालत राहिली.